सन १६०० : तुम्ही कोणाच्या बाजूने असता?

सांजतारा

प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र प्रामाणिक हवं.

समजा साल १६००. कोपर्निकसचं पुस्तक छापून सत्तावन्न वर्षं झाली आहेत. दुर्बीण अजून कोणी आकाशाकडे रोखलेली नाही. तुमच्यापुढे तीन नकाशे आहेत. टॉलेमीचा: पृथ्वी मध्ये, बाकी सगळे तिच्याभोवती. कोपर्निकसचा: सूर्य मध्ये, पृथ्वीही त्याच्याभोवती. आणि टायको ब्राहेचा: पृथ्वी मध्ये स्थिर, चंद्र-सूर्य तिच्याभोवती, पण बाकीचे पाच ग्रह सूर्याभोवती. तुम्ही शिकलेले आहात, आकडेमोड जमते, डोक्यात पूर्वग्रह नाहीत. मत कोणाला?

आपण सगळे मनातल्या मनात धरून चालतो की आपण शहाण्यांच्या बाजूला उभे राहिलो असतो. मीही तसंच धरत होते. गेले दोन महिने याच विषयावर वाचतेय आणि आता म्हणते, मी टायकोला मत दिलं असतं. नुसतं दिलंच नसतं, तर त्या वेळच्या पुराव्यावर ते बरोबरच होतं.

कारण बघा. कोपर्निकसचं गणित टॉलेमीपेक्षा फारसं अचूक नव्हतं. वर्तुळावर वर्तुळ चढवायची टॉलेमीची युक्ती त्यानेही ठेवली होती. पृथ्वी धावतेय म्हणावं तर कोणाला काही जाणवत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण: पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या या बाजूची त्या बाजूला जात असेल, तर ताऱ्यांच्या जागा थोड्या तरी सरकलेल्या दिसायला हव्यात. एकही तारा सरकत नव्हता.

तर मंडळी, मतदान करा. "मला आधीच ठाऊक आहे" हे उत्तर बाद.

चिमटा

१६०० म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेल्या ब्रूनोला फेब्रुवारीत रोममध्ये जाळलं तेच साल ना? मग माझं मत गुप्त.

निशाचर

मी कोपर्निकस. एकाच कारणासाठी: मंगळ वक्री होतो तो.

दर सव्वीसेक महिन्यांनी मंगळ ताऱ्यांमधून पुढे जाता जाता थांबतो, काही आठवडे उलटा चालतो, पुन्हा सुलटा होतो. मी एकदा पूर्ण फेरा टिपून काढला आहे, कागदावर चक्क गाठ मारल्यासारखा दिसतो. टॉलेमीला यासाठी मंगळाच्या वर्तुळावर आणखी एक वर्तुळ लावावं लागतं. बरं, ते वर्तुळ नेमकं सूर्याच्या चालीशी बांधलेलं. गुरूचं तेच, शनीचंही तेच. प्रत्येक ग्रहाला सूर्याचं वेळापत्रक का माहीत असावं? कोपर्निकसकडे एका वाक्यात उत्तर आहे: आपण आतल्या कक्षेत आहोत आणि मंगळाला मागे टाकून पुढे जातो, तेव्हा तो मागे गेल्यासारखा दिसतो. संपलं. ग्रह वक्री होतच नाही.

सांजतारा

@निशाचर, ते वेळापत्रक टायकोच्या नकाशातही आपोआप जुळतं हो. ग्रह सूर्याभोवतीच फिरतात ना त्याच्यात. भूमितीने दोन्ही नकाशे एकच आहेत, फक्त खिळा कुठे ठोकायचा हा फरक.

निशाचर

हात्तिच्या. मान्य. पण तरी कोपर्निकस. (हट्ट.)

मंदफल

धागा आवडला. ताऱ्यांच्या मुद्द्यात थोडी भर घालतो, कारण टायकोचा युक्तिवाद याहून तिखट होता.

"तारे इतके दूर आहेत की सरकणं दिसत नाही" ही पळवाट सगळ्यांना माहीत होती. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात सामोसच्या अ‍ॅरिस्टार्कसने सूर्य मध्ये ठेवला, तेव्हा त्यानेही तेच म्हटलं होतं. हे आपल्याला कळतं आर्किमिडीजमुळे, अ‍ॅरिस्टार्कसचं ते लिखाण उरलेलं नाही. टायको म्हणाला, ठीक, दूर असू देत. पण मग डोळ्याला तारा ठिपका नाही, छोटी चकती दिसतो. ठळक तारे त्याच्या मापाने दोनेक कला रुंद. इतक्या लांबून एवढी चकती दिसायची तर एकेक तारा पृथ्वीच्या आख्ख्या कक्षेएवढा किंवा त्याहून मोठा हवा. सूर्य त्याच्यापुढे चिलट. हे पटण्यासारखं आहे का?

पटण्यासारखं नव्हतंच. आणि गंमत म्हणजे टायकोचं गणित बरोबर होतं. चूक त्या चकतीत होती. ती ताऱ्याची नसतेच, प्रकाशाच्या तरंगस्वभावामुळे डोळ्यात आणि दुर्बिणीत ती तयार होते. याचा नीट हिशेब एकोणिसाव्या शतकात लागला.

म्हणून माझंही मत टायकोला.

(कोनाच्या मापातली कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा. शुक्राच्या कला वेगळ्या. या भानगडीत मी शाळेत मार खाल्लाय.)

सुवर्णयुग

या सगळ्या युरोपीय भांडणात एक गोष्ट विसरताय. आर्यभटाने ४९९ साली, म्हणजे कोपर्निकसच्या हजार वर्षं आधी, सूर्यकेंद्री सिद्धांत मांडला होता. आपण मात्र परक्यांच्या आरत्या ओवाळतो.

गोलपाद

@सुवर्णयुग, आर्यभटाबद्दलचा अभिमान मलाही आहे (माझं नावच बघा, त्याच्या आर्यभटीय ग्रंथातल्या एका प्रकरणाचं आहे). म्हणूनच त्याने जे म्हटलं तेवढंच त्याच्या नावावर मांडू या.

त्याने म्हटलं ते असं: पृथ्वी स्वतःभोवती फिरते. नावेत बसलेल्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. ग्रहणं सावल्यांमुळे होतात, हेही त्याने सांगितलं. पाचव्या शतकाच्या शेवटी हे लिहायला छाती लागते. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये त्याच्यावर याच मुद्द्यावरून टीका केली, आणि नंतरच्या काही टीकाकारांनी तर त्या श्लोकाचा अर्थच वळवून पृथ्वी पुन्हा स्थिर करून टाकली!

पण सूर्य मध्ये? तसं त्याने कुठेही स्पष्ट म्हटलेलं नाही. ग्रहांची मांडणी पृथ्वीभोवतीच आहे, मंद आणि शीघ्र अशा दोन दुरुस्त्या लावून. बुध-शुक्राच्या शीघ्राचे आकडे सूर्याभोवतीच्या खऱ्या फेऱ्यांशी जुळतात, त्यावरून काही अभ्यासक तर्क करतात, इतकंच.

या धाग्याला जास्त लागू पडणारा माणूस वेगळाच आहे. केरळचा नीलकंठ सोमयाजी. तंत्रसंग्रह १५०० च्या सुमाराचा. त्यात बुध-शुक्राचं गणित त्याने सुधारलं, आणि आर्यभटीयावरच्या भाष्यात चित्र मांडलं की पाचही ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि सूर्य पृथ्वीभोवती. ओळखीचं वाटतंय? टायकोचा नकाशा आहे हा. टायकोने आपला छापला १५८८ मध्ये.

सांजतारा

@गोलपाद, हे मला अजिबात माहीत नव्हतं! म्हणजे माझं मत टायको-नीलकंठ आघाडीला.

सुवर्णयुग

बरं. नीलकंठ चालेल.

चिमटा

या संस्थळावर कोणीतरी मत बदललं. तारीख लिहून ठेवा रे.

बुधवारी_सुट्टी

अवांतर आहे, पण टॉलेमीला हसणाऱ्यांसाठी. तुम्ही रोज त्याच नकाशात जगता. वार!

सर्वांत संथ ग्रहापासून चपळापर्यंत पृथ्वीकेंद्री क्रम लावा: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. सूर्य बरोबर मध्ये, एक साधा ग्रह म्हणून. आता दिवसाच्या प्रत्येक तासाला, म्हणजे होऱ्याला, ओळीने एकेक मालक द्या. पहिल्या होऱ्याचा मालक तोच त्या दिवसाचा मालक. शनिवारचा पहिला तास शनीचा. २४ तासांत सातच्या तीन फेऱ्या होऊन तीन उरतात, म्हणून दुसऱ्या दिवशीचा पहिला तास तीन घरं पुढचा: सूर्य. तिथून तीन घरं: चंद्र. पुढे मंगळ, बुध, गुरू, शुक्र. झाला आठवडा. सूर्यकेंद्री वार केले असते तर रविवार कधी उगवलाच नसता.

तिरपागडा

सगळे छान छान लिहिताहेत, मी जरा काडी टाकतो.

पंधराशे वर्षं टॉलेमी खरा. मग कोपर्निकस, पण त्याची वर्तुळं खोटी. मग केप्लरची लंबवर्तुळं. मग न्यूटन. मग आइनस्टाईन म्हणतो न्यूटनही अपुरा. ग्रह सात, मग अकरा, मग आठ, मग नऊ, परत आठ. आणि प्रत्येक पिढीला वाटलं आपल्याला कळलं. मग आजचं चित्र खरं कशावरून? २२०० साली कोणीतरी असाच धागा काढेल, "२०२५ साली तुम्ही कोणाच्या बाजूने असता".

मास्तर_निवृत्त

अकरा ग्रहांचं कोणीतरी काढलंच, तर सांगतो. मी पंचवीसेक वर्षं मुलांना नऊ ग्रह शिकवले. २००६ च्या ऑगस्टमध्ये एक मुलगी वर्तमानपत्र घेऊन वर्गात आली आणि म्हणाली, "सर, फळ्यावरचा एक पुसा." मी पुसला. पण घरी येऊन खूप अस्वस्थ झालो. खोटं शिकवलं की काय इतकी वर्षं?

मग शोधलं तर कळलं, हे आधीही झालंय. १ जानेवारी १८०१ ला पालेर्मोहून पियाझ्झीला मंगळ आणि गुरूच्या मधे सेरेस सापडला. काही आठवडे दिसला आणि सूर्याच्या उजेडात हरवला. तेव्हा चोवीस वर्षांच्या गाउसने थोडक्या नोंदींवरून कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता सेरेस त्याने सांगितलेल्या भागात पुन्हा मिळाला. सेरेस ग्रहच मानला गेला. मग पॅलास, जूनो, व्हेस्टा. चाळीस वर्षं शाळेच्या पुस्तकांत अकरा ग्रह होते. १८४५ पासून असे पिंड धडाधड सापडू लागले तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, हे ग्रह नव्हेत, हा जमाव आहे. झाले लघुग्रह.

प्लूटोचं अगदी तसंच. १९३० मध्ये सापडला, एकटा होता म्हणून ग्रह. १९९२ पासून त्याच पट्ट्यात दुसरे मिळत गेले. २००५ मध्ये एरिस मिळाला, तेव्हा तो प्लूटोहून मोठाच वाटला. आता मोजमाप नेमकं झालंय: प्लूटो २,३७७ किलोमीटर, एरिस २,३२६. म्हणजे आकाराने प्लूटोच थोडा मोठा, वजनाने एरिस. दोघांनाही बटुग्रह केलं, सेरेसलाही त्यांच्यात घेतलं. बिचाऱ्याची दोनशे वर्षांनी अर्धी बढती झाली.

आकाशात काही बदललं नव्हतं. यादीची व्याख्या बदलली. मुलांना मी शेवटची काही वर्षं असंच शिकवलं आणि आकडा पाठ करून घेणं बंद केलं.

प्लूटोप्रेमी

मास्तर, सगळं खरं. पण प्लूटोला बटुग्रह ठरवणाऱ्या प्रागमधल्या त्या खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत मत द्यायला चारशेवीसच्या आसपास लोक होते. अख्ख्या जगातले खगोलशास्त्रज्ञ किती हजार! आणि ज्या यानाने प्लूटोची हृदयाची खूण दाखवली ते तेव्हा सात महिन्यांपूर्वीच निघालं होतं. ग्रहाकडे निघालं, बटुग्रहाशी पोचलं. दुःख कळतंय का कोणाला?

चिमटा

चारशेवीस हा आकडा तुम्ही मुद्दाम निवडलात.

गणिताचा_बळी

@तिरपागडा, काडी पेटली. उत्तर देतो.

"बदललं" या एका शब्दात तुम्ही लहानमोठ्या सगळ्या चुका एकाच पोत्यात घातल्या. चुकांची मापं बघा. टॉलेमीच्या कोष्टकांत ग्रह कधी कधी काही अंश चुकायचा. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश रुंद असतो, म्हणजे कित्येक चंद्रांची चूक. टायकोने दुर्बिणीशिवाय एखाद-दोन कलांपर्यंत अचूक नोंदी ठेवल्या. केप्लरने त्या नोंदींवर मंगळ वर्तुळात बसवायचा प्रयत्न केला आणि एका ठिकाणी फरक आला ८ कला. चंद्राच्या पाव रुंदीएवढा. कोपर्निकस असता तर चालवून घेतलं असतं. केप्लर म्हणाला, टायको एवढा चुकणार नाही, चूक माझ्या वर्तुळात आहे. वर्तुळ फेकलं, लंबवर्तुळ आणलं. १६०९.

पुढची चूक कुठली? बुधाचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू सरकतो, त्यात न्यूटनच्या हिशेबाबाहेर किती उरतं? ४३ विकला. वर्षाला नव्हे, शतकाला! तेवढ्यासाठी आइनस्टाईन लागला, नोव्हेंबर १९१५.

अंश, मग कला, मग शतकाला विकला. चित्र बदलत गेलं, पण चूक लहान होत गेली. १६१० चा शिष्य आणि २०२५ चा शिष्य दोघेही "अज्ञानी", पण एकसारखे नाहीत.

तिरपागडा

ग्रह कुठे दिसेल याचं गणित सुधारलं, मान्य. मी म्हणतोय चित्राबद्दल. सौरमाला अशी का आहे, याबद्दल.

आतले ग्रह लहान, खडकाळ. बाहेरचे मोठे, वायूचे. कारण सूर्याजवळ उष्णता, तिथे बर्फ टिकत नाही. किती गोड कथा. मग १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याभोवती गुरूच्या अर्ध्या वजनाचा ग्रह सापडला. फेरी किती दिवसांची? चार दिवसांची! बुधाला ८८ लागतात. कथेप्रमाणे तो तिथे जन्मूच शकत नाही. आता म्हणतात ग्रह जन्मतात एकीकडे आणि सरकतात दुसरीकडे, आपला गुरूसुद्धा सरकलेला असावा. आपण आपल्या एका घराचा नकाशा पाहून सगळ्या गावाचा नियम केला होता.

गणिताचा_बळी

हा मुद्दा मात्र चोख आहे. एका उदाहरणावरून नियम. मागे घेतो थोडं.

मंदफल

या दोघांच्या मधे बसणारा एक माणूस आहे: फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए.

युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता. ल व्हेरिएने हिशेब केला, पलीकडे कोणीतरी ओढतंय, अमुक जागी बघा. बर्लिनला पत्र पोचलं त्याच रात्री, २३ सप्टेंबर १८४६, तिथल्या गाल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने दुर्बीण लावली आणि अंशभराच्या आत नेपच्यून मिळाला. इंग्लंडात अ‍ॅडम्सनेही असाच हिशेब केला होता, त्यावरून दोन देश भांडले ते वेगळं. ग्रह लेखणीने शोधला!

मग त्याच माणसाने त्याच पद्धतीने बुध हातात घेतला. बुधही चुकतोय, म्हणजे सूर्याजवळ आणखी एक ग्रह ओढतोय. नाव ठेवलं व्हल्कन. १८५९ मध्ये खेड्यातल्या एका डॉक्टरने तो सूर्यावरून जाताना पाहिल्याचं सांगितलं, ल व्हेरिए स्वतः त्याच्याकडे जाऊन उलटतपासणी करून आला आणि खूश झाला. नंतर ग्रहणं आली नि गेली, व्हल्कन काही खात्रीने दिसला नाही. कारण तो नव्हताच. तिथे ग्रह कमी नव्हता, नियमच कमी पडत होता.

एकच माणूस, एकच तर्क. एकदा जगज्जेता, एकदा फजिती. आणि आधी सांगायची सोय नाही की या वेळी कोणतं. मला हे सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं. तो वारला २३ सप्टेंबर १८७७ ला. तारीख पुन्हा बघा.

प्लूटोप्रेमी

आणि तिसरा प्रकार प्लूटो! नेपच्यूननंतरही हिशेबात फरक उरतोय म्हणून पलीकडचा ग्रह शोधायला निघाले, टॉम्बॉ नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला अपेक्षित भागाच्या जवळच मिळालाही. पण त्याचं वजन पृथ्वीच्या पाचशेव्या भागाएवढं निघालं, तो कोणाला काय ओढणार! व्हॉयेजर २ यान नेपच्यूनजवळून गेलं (१९८९), नेपच्यूनचं वजन नीट कळलं आणि तो उरलेला फरकच गायब झाला. म्हणजे नसलेल्या कारणासाठी शोधायला गेले आणि असलेली गोष्ट मिळाली.

वाचनमात्र

बरीच वर्षं नुसती वाचतेय, पहिलाच प्रतिसाद.

हॅलेच्या धूमकेतूचं कोणी लिहिलं नाही म्हणून. हॅलेने सांगितलं की १६८२ चा धूमकेतू १७५८ च्या सुमाराला परत येईल. पण गुरू आणि शनी त्याला ओढणार, मग नेमका कधी? क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपॉत अशा तिघांनी महिनोन्महिने हाताने आकडेमोड केली. लपॉतबाईंच्या कामाशिवाय हे जमलं नसतं, असं लालांदने लिहून ठेवलंय. त्यांनी सांगितलं, सूर्याच्या सर्वांत जवळ एप्रिल १७५९ च्या मध्याला. आला १३ मार्चला. महिनाभर चुकले! शहात्तर वर्षांच्या फेरीत महिना. मला तर ही चूक अचूकतेहून सुंदर वाटते.

बिनपाण्याचा_ढग

वाचनमात्रताई, लिहीत राहा.

माझ्या नावाचा मान राखून ढगाची गोष्ट. सौरमालेचा आकार सगळ्यांना ठाऊक होता पण माप नव्हतं. म्हणजे गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या पाचपटीहून थोडा जास्त दूर, हे माहीत. पण पृथ्वी किती दूर? टॉलेमीच्या मते १,२१० पृथ्वी-त्रिज्या. खरं अंतर सुमारे २३,५००. त्याचं आख्खं विश्व, ताऱ्यांसकट, २०,००० त्रिज्यांत संपतं. म्हणजे त्याचे तारे आपल्या सूर्याच्याही अलीकडे!

हे माप काढायची एक वाट म्हणजे शुक्राचं अधिक्रमण, शुक्र सूर्यबिंबावरून जातो तो. १७६१ आणि १७६९ अशी जोडी होती, मग थेट शंभरावर वर्षांनी. ल जांती नावाचा फ्रेंच माणूस १७६१ साठी पाँडिचेरीला निघाला. वाटेत कळलं की ते इंग्रजांनी घेतलं. अधिक्रमणाच्या दिवशी तो डुलत्या जहाजावर; दिसलं, पण मोजता येईना. म्हणाला, आठ वर्षं थांबतो. थांबला. १७६९ ला पाँडिचेरीत सगळं मांडून बसला आणि त्या सकाळी ढग आले. अकरा वर्षांनी घरी पोचला तर त्याला मृत ठरवून वारस इस्टेट वाटायला बसले होते.

इतरांच्या नोंदींवरून आकडा आलाच, पंधरा कोटी किलोमीटरच्या आसपास. त्याच्यावाचून.

तिरपागडा

हे वाचून माझा सगळा कडवटपणा उतरला. बिचारा.

निशाचर

मूळ प्रश्नावर येऊ का? १६०० मध्ये टायको, ठीक. पण मत बदलायचं कधी? माझी यादी.

जानेवारी १६१०: गॅलिलिओला गुरूचे चंद्र दिसले. "पृथ्वी पळाली तर चंद्र मागे राहील" हा आक्षेप गेला, कारण गुरू पळतो हे सगळेच मानत होते आणि त्याचे चारही चंद्र बरोबर जातात. त्याच वर्षाअखेर शुक्राच्या कला, कोरीपासून जवळजवळ पूर्ण बिंबापर्यंत; शुक्र सूर्याभोवती फिरत असेल तरच असं दिसतं. टॉलेमी तिथे मेला. टायको नाही मेला.

७ नोव्हेंबर १६३१: केप्लरच्या कोष्टकांवरून गासांदीने पॅरिसमधून बुधाचं अधिक्रमण पाहिलं. वेळ काही तासांनी चुकली, पण इतर कोष्टकं अंशांनी चुकत होती. बुध इतका इवलासा की त्याला आधी सौरडागच वाटला. केप्लर वर्षभरापूर्वीच वारला होता. मी इथे फितूर झालो असतो.

मंदफल

१६३१ ला फितूर? घाई झाली. १६५१ मध्ये रिच्चिओली या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने दोन्ही बाजूंचे १२६ युक्तिवाद मांडले: ४९ पृथ्वी फिरते याच्या बाजूने, ७७ विरुद्ध. मोजून निकाल लावायचा नसतो हे त्यालाही कळत होतं, पण त्याने कौल टायकोच्या सुधारित नकाशाला दिला. एक युक्तिवाद तर फार हुशार: पृथ्वी फिरत असेल तर उत्तरेकडे डागलेला तोफगोळा बाजूला सरकायला हवा. बरोबर आहे! सरकतोच. तेव्हा मोजता येत नव्हतं. आणि याच माणसाने चंद्रावरच्या एका देखण्या विवराला कोपर्निकसचं नाव दिलं. ते आजही चालू आहे.

माझा दिवस १६८७. न्यूटन. गुरुत्वाकर्षण आल्यावर एवढा मोठा सूर्य चिमुकल्या पृथ्वीभोवती कसा फिरेल, याचं उत्तर टायकोकडे उरत नाही.

गोलपाद

आणि थेट पुरावा १७२८. ब्रॅडली ताऱ्यांचं सरकणंच शोधत होता. तारा सरकला, पण चुकीच्या महिन्यात, चुकीच्या दिशेला. पावसात पळताना छत्री पुढे झुकवावी लागते, तशी धावत्या पृथ्वीवर दुर्बीण प्रकाशासाठी किंचित झुकवावी लागते, २० विकला. पृथ्वी धावते याची पहिली थेट खूण. आणि टायकोला हवं होतं ते खरं सरकणं बेसेलने १८३८ मध्ये पकडलं, ६१ सिग्नी या ताऱ्याचं. विकलेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. साडेसहा किलोमीटरवरून एक सेंटिमीटरची वस्तू जेवढी दिसेल तेवढं. टायकोच्या डोळ्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं.

चर्चच्या बंदी-यादीतून कोपर्निकस गेला १८३५ च्या आवृत्तीत. टायकोला हवा होता तो पुरावा यायच्या तीन वर्षं आधी!

चिमटा

म्हणजे चर्चने शेवटी घाई केली म्हणायची.

सांजतारा

धागा फार लांब गेला आणि मला त्याचा फायदाच झाला. मतमोजणी: टायको (नीलकंठासह) ५, कोपर्निकस १ (हट्ट), गुप्त १, "आजचंही खरं कशावरून" १, प्लूटो १.

आता कबुली. इतका वाद घातला, पण मी स्वतः आकाशात काहीच पाहिलेलं नव्हतं. निशाचरांची यादी वाचून मागच्या आठवड्यात साधी द्विनेत्री घेतली आणि कठड्यावर कोपर टेकवून गुरू पाहिला. पाच रात्री वहीत चित्रं काढली. पहिल्या रात्री तीन ठिपके एका रेषेत. दुसऱ्या रात्री चार! चौथा जरा रेषेबाहेर होता, पण मी आनंदाने "कॅलिस्टो" (गुरूचा एक चंद्र) लिहून टाकलं. तिसऱ्या रात्री ढग (बिनपाण्याचा_ढग यांनी नोंद घ्यावी). चौथ्या आणि पाचव्या रात्री बघते तर गुरू सगळे चंद्र घेऊन पुढे सरकलेला आणि माझा कॅलिस्टो आपला होता तिथेच. साधा तारा होता तो.

निशाचर

अभिनंदन! काळजी करू नका. २८ डिसेंबर १६१२ ला गॅलिलिओने गुरूशेजारी एक ठिपका टिपला आणि त्याला तारा म्हणून सोडून दिलं. जानेवारीत पुन्हा दिसला, शेजारच्या ताऱ्यापासून सरकल्यासारखा वाटला, तेही लिहिलं, आणि पुढे गेला. तो नेपच्यून होता. सापडायला आणखी दोनशे तेहेतीस वर्षं लागली.

त्याने ग्रहाला तारा म्हटलं, तुम्ही ताऱ्याला चंद्र. फिट्टंफाट.

सांजतारा

आज आकाश मोकळं आहे. वही घेऊन वर चालले.